गाळलेलं पान

सौंसर

प्रिय ऋतुजा,

पत्र पाहून घाबरू नकोस. घरी सगळं ठीक आहे. बाबांची साखर आटोक्यात आहे, म्हणजे माझ्यासमोर आटोक्यात आहे, चौकात जाऊन काय खातात ते त्यांचं त्यांना ठाऊक. फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. पण फोनवर तू मला बोलू कुठे देतेस? मी तोंड उघडलं की तिकडून "हो आई, हो आई, गोळी घेतली ना तुम्ही" सुरू होतं. आणि तुझा आवाज ऐकला की जे बोलायचं ते राहतं बाजूला आणि मी आपली भाजी कोणती केली ते सांगत बसते. म्हणून लिहायला घेतलं. सासूने सुनेला पत्र लिहिलं हे शेजारी कळलं तर दोघींचं भांडण झालं म्हणून गावभर होईल, तेव्हा ते डिंपलच्या हाती गुपचूप पाठवते आहे. माझं माहेर नरखेडचं, शाळा मराठीत झालेली, अक्षर अजून बरं आहे. तू पडलीस पांढुर्ण्याची, हिंदी शाळेत शिकलेली, तुला माझं मराठी वाचायला जरा वेळ लागेल. लागू दे. तुझं इंग्रजी पुस्तक मी इतके दिवस ऐकलंच की.

काल तुझ्या माहेरच्या बाबांचा फोन आला होता. मोहगावच्या स्थळाला अजून उत्तर दिलेलं नाही म्हणाले. रघुनाथराव कधी आवाज चढवून बोलत नाहीत, पण काल त्यांचा आवाज अगदीच खाली गेला होता. "पोरगी हो म्हणत नाई अन् नाई बी म्हणत नाई. नुसती घासलेली भांडी पुन्हा घासून राहिली," म्हणाले. तुझ्या आईने फारच खोदून विचारलं तेव्हा तू एवढंच म्हणालीस म्हणे की मी गेले तर तिकडे आई-बाबांचं कसं होईल. रविवारी ते लोक पुन्हा येणार आहेत, आणि तेव्हा तुला काहीतरी एक सांगावंच लागेल. इकडे आपल्या बाबांनी फोन ठेवला. मग ते स्वतः उठले आणि चहा ठेवला. तुझ्या सासऱ्यांनी चहा ठेवला म्हणजे काय ते तूच समज. साखर डब्यात कुठे असते तेही त्यांना मला विचारावं लागलं.

तू पांढुर्ण्याला गेल्यापासून दुपारी मला घर खायला उठतं. जेवणं झाली, ओटा पुसला, की मी साड्यांची थप्पी घेऊन त्याच खिडकीशी बसते. लग्नसराई तोंडावर आली आहे, बायांनी फॉल लावायला ढीग आणून टाकला आहे. हाताने तुरपाई करायची म्हणजे हात गुंतलेले आणि कान मोकळे, आणि त्या मोकळ्या कानांना तू अशी सवय लावून ठेवलीस की आता सुई मध्येच थांबते. बाबाही पेपर घेऊन तिथेच बसतात. इतके दिवस आपण पेपरच वाचतो असं त्यांचं म्हणणं होतं. पण तू वाचत असताना त्यांचं पान कधी उलटलं नाही, आणि त्यांची खुर्ची दाराकडून सरकत सरकत आपल्या दोघींच्या इतकी जवळ आली होती की माझा दोरा त्यांच्या पायात अडकायचा. परवा त्यांनी पेपराआडून विचारलं, "तो देवराव मग किल्ल्यावर पोहोचला का?" मी म्हटलं, ऋतुजा आल्यावर कळेल.

ते पुस्तक या घरात कसं आलं ते मला आज सारखं आठवतं आहे. पहिला भाग अभिजीतने आणला होता नागपूरहून, तुमच्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला. सगळ्या पोरी मोबाइलवर त्याच पुस्तकाचे व्हिडिओ टाकत होत्या आणि तुला तेच हवं होतं. काळं, जाडजूड, वर सोनेरी पंख. मी म्हटलं, साडी सोडून बायकोला कोणी पुस्तक आणतं का, तेही विटेएवढं? तर म्हणतो कसा, "आई, साडी आणली तं तू तिले फॉल लावत बसशीन. याले काई लावा लागत नाई." दुसरा भाग तेव्हा निघायचा होता, तोही त्याने आधीच सांगून ठेवला. तो आला. केव्हा आला ते तुला आणि मला ठाऊक आहे. अभिजीतची तेरवी झाली, मांडव निघाला, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि एका दुपारी कुरिअरवाला दारात उभा राहून "अभिजीत, अभिजीत" म्हणून हाका मारायला लागला. तू बाहेर आलीस, सही केलीस आणि ते पाकीट न फोडता कपाटावर ठेवून दिलंस.

त्यानंतर तू बोलणंच टाकलं होतंस. शाळेत जायचीस, पोरांना शिकवून यायचीस, ताटात वाढलेलं खायचीस, पण घरात तुझा आवाज म्हणून नव्हता. मला माझं दुःख काही कमी नव्हतं, पण तुझं ते मुकं वावरणं मला पाहवेना. तेव्हा मी ते पाकीट खाली काढलं, तुझ्यासमोर ठेवलं आणि म्हटलं, मला वाचून दाखव. तू म्हणालीस, "आई, इंग्रजी आहे ते." मी म्हटलं, मग आपल्या भाषेत सांग. तू म्हणालीस, पहिला ऐकल्याशिवाय दुसरा समजणार नाही. मी म्हटलं, पहिल्यापासून घे, मला कुठे गाडी पकडायची आहे? अशी सुरुवात झाली. मला त्या राजपुत्राशी काही देणंघेणं नव्हतं बाई. मला फक्त तुझं तोंड उघडलेलं पाहायचं होतं.

सुरुवातीला तर मला काही झेपत नव्हतं. नावंच धड जिभेवर येईनात. ती मच्छीमाराची पोर लिसारा, तिची मी लीला केली. काळ्या पंखांचा तो राजपुत्र डेव्हरान, त्याचा देवराव. आणि त्यांना होडीतून इकडून तिकडे नेणारा तो घुम्या नावाडी टॉर्बन, तो झाला तोरबा. नदीच्या दोन्ही काठांचे लोक वर्षानुवर्षं एकमेकांचा जीव घ्यायला टपलेले, हे तू सांगितलंस तेव्हा मी म्हटलं, मग हे तुमच्या पांढुर्ण्याचं आणि सावरगावचंच झालं की, गोटमारीच्या दिवशी दगड मारायचे आणि दुसऱ्या दिवशी सोयरीक विचारायची. तू म्हणालीस, "आमच्याकडं पंखवाले नसतात, आई." आणि हसलीस. या घरात किती दिवसांनी कोणी हसलं होतं. बाबांनी पेपर खाली केला होता, तुला दिसलं नाही. मग मीही वेड पांघरून काही काही विचारायला लागले. पंखवालं माणूस झोपतं कसं, कुशीवर की पालथं? पाहुण्यांच्या घरी दारातून आत कसं जातं? त्याचे सदरे कोण शिवतं, आणि पाठीला किती मोठी भोकं ठेवायची? आणि ती तसली पानं आली की तू लालबुंद व्हायचीस, चार-पाच पानं एकदम उलटायचीस आणि म्हणायचीस, "मग सकाळ झाली." त्या पहिल्या भागात इतक्या सकाळी झाल्या की मी मनात म्हटलं, या राज्यात रात्री होतात की नाही? मी एका लेकराची आई आहे गं, मला सगळं कळत होतं. पण तू गाळतेस ते एवढंच, असं मी समजत होते.

दुसऱ्या भागात देवराव पुरता माझा झाला. लढाईत त्यांच्या शत्रूच्या, हिमराजाच्या मुलखाचं ते मोठं दार बंद करताना तो पलीकडे अडकला आणि इकडे सगळ्यांना वाटलं तो गेला. पण तू सांगितलंस, तो गेलेला नाही, तो पलीकडून पायी परत यायला निघाला आहे, पंख जळले आहेत म्हणून चालत निघाला आहे. मग रोज दुपारी तो थोडा थोडा जवळ यायला लागला. कधी बर्फात वाट चुकायचा, कधी म्हाताऱ्या धनगरणीकडे मुक्काम करायचा, तिची शेगडी दुरुस्त करून द्यायचा. हा देवराव पहिल्या भागात नुसता रागीट होता, दुसऱ्यात एकदम माणसासारखा झाला. संत्रं सोलताना साल अखंड निघाली पाहिजे म्हणून हट्ट धरायचा आणि तुटली की दुसरं घ्यायचा. झोपताना एक पाय पांघरुणाबाहेर. पालीला घाबरायचा, तलवार हातात असून. मी म्हटलंसुद्धा तुला, ही लिहिणारी बाई कुठल्या देशाची आहे कोण जाणे, पण तिचा मुलगाही आपल्या अभिजीतसारखाच असला पाहिजे. तू पाणी प्यायला म्हणून आत गेलीस. बराच वेळ आलीच नाहीस.

आणि पुस्तक काही संपेना. मला इंग्रजी येत नाही, पण पुस्तकाची जाडी कळते. शेवटाशी आलीस असं वाटायचं आणि दुसऱ्या दिवशी तू मधूनच कुठून तरी उघडून बसायचीस. मी विचारलं नाही. संपू नये असं मलाच वाटत होतं. पुढच्या गावी पोहोचला की नाही, एवढं ऐकलं की माझी संध्याकाळ बरी जायची.

आता डिंपलचं सांगते. आपल्या गल्लीतल्या जयवंताबाईची डिंपल नागपूरला शिकते, ती सुटीत आली आहे. तू गेल्यावर दुपार जाईना म्हणून मी तिला बोलावलं. म्हटलं, तुझ्याकडे ते पंखवाल्याचं पुस्तक आहे का, असेल तर पुढचं वाच. तिच्याकडे तिसरा भाग होता. मी मोठ्या ऐटीत तिला सांगायला बसले की आम्ही इथवर आलो आहोत, देवराव आता दोन डोंगर ओलांडून किल्ल्याच्या वाटेला लागला आहे. तिने मला मध्येच थांबवलं. "काकू, तुम्ही कोणतं पुस्तक वाचून राहिल्या? तो तं दुसऱ्या भागातच मरून जाते. त्या दारातच. आमच्या होस्टेलच्या साऱ्या पोरी रडल्या होत्या." मी म्हटलं, तू नीट वाचलं नसशील. ती म्हणाली, "अवं काकू, त्याले जाळते बी. ती लिसारा सोता आग देते." मी तिला घरी पाठवलं. सांगितलं, डोकं दुखतं आहे.

त्या दिवशी मी हातातली साडी तशीच मांडीवर घेऊन बसून राहिले. आधी मला तुझा राग आला, खोटं कशाला सांगू. वाटलं, एवढ्या म्हाताऱ्या बाईला पोरीने लेकरासारखं फसवलं. मग एकेक आठवायला लागलं. धनगरणीची शेगडी. अभिजीतने माझी शिलाई मशीन अशीच खोलून ठेवली होती, निम्मे स्क्रू हरवून. फाटकाबाहेरूनच आईला हाक मारायची आणि उत्तर येईपर्यंत मारत राहायची, ही देवरावाची सवय. भाकरी करपली तर ती ताटाखाली लपवून वर म्हणायचं की छान झाली होती. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. म्हणजे तुझी करपलेली भाकरीही तो लपवत होता. माझा मुलगा तुझ्याशी कसा वागत होता ते मला त्या देवरावामुळे कळलं गं. कोणत्याच पुस्तकात नसलेला तो माणूस तू रोज शाळेतून दमून येऊन, ते इंग्रजी पुस्तक हातात धरून, नुसती पानं उलटत, माझ्यासाठी चालता ठेवला होतास. माझ्यासाठी आणि तुझ्यासाठीही. मी तोंडात पदर कोंबून रडले, कारण बाबा आत झोपले होते. त्यांना मी काही सांगितलेलं नाही. त्यांचा देवराव अजून वाटेवरच आहे.

दोन दिवसांनी मीच डिंपलला परत बोलावलं. म्हटलं, तिसरा भाग वाच, आता काही गाळू नकोस. ती तुझ्यासारखं वाचत नाही. गडबडीने वाचते, अर्धं हिंदीत सांगते, मध्येच मोबाइल पाहते. पण गाळत नाही हे खरं. तर त्या देवरावाची आई, ती राणी. तुझ्या सांगण्यात ती किती चांगली होती. लीलेला रात्री पायाला तेल लावून द्यायची, तिच्यासाठी शाल विणायची. खऱ्या पुस्तकात ती तशी नाही. मुलगा गेल्यावर ती लीलेला त्याच्या बुरुजात ठेवते. कोंडत नाही, दाराला कडीसुद्धा लावत नाही. फक्त लीला जिना उतरायला लागली की म्हणते, अजून थोडी थांब, तुझ्या अंगाला अजून त्याच्या अंगरख्याचा वास येतो. आणि ती थांबते. केस पांढरे व्हायला लागतात तरी थांबते. डिंपल म्हणाली, "ही म्हातारी लई बेकार आहे काकू, साऱ्यांलेच हिचा राग येते." मी आपली सुईत दोरा ओवत बसले. तो काही ओवला गेला नाही.

मी तुला थांब असं कधी म्हटलं नाही, ऋतुजा. उलट तुझ्या आईला मीच म्हटलं होतं की पोरीचं वय आहे, पाहा काही. पण रोज दुपारी तुझी खुर्ची मी मांडायची आणि पुढे काय झालं म्हणून विचारायचं. पुढे म्हणजे कुठे? तर तो घराच्या किती जवळ आला. जिच्या सासूला रोज दुपारी तिचा गेलेला नवरा घराकडे येताना ऐकायचा असतो, ती मोहगावच्या लोकांना काय तोंडाने हो म्हणेल? मला ती राणी व्हायचं नाही. तू माझ्यावरच्या मायेने तिला चांगली केलीस, पण मी जर तशी नसेन तर मला ते करून दाखवावं लागेल.

तोरबाचं पुढे काय होतं ते तुला ठाऊक असेल, की तूही तिसरा भाग अजून वाचला नाहीस? नसशील वाचला. तो रोज संध्याकाळी बुरुजाखालच्या घाटाला होडी लावून बसतो आणि अंधार पडला की निघून जातो. हाक मारत नाही. मला आधी त्याचा संतापच आला. म्हटलं, आमचा देवराव गेला आणि हा मेला होडी घेऊन टपून बसला. पण एक दिवस लीला आपणहून घाट उतरते, होडीत बसते, आणि नदीच्या मधोमध गेल्यावर तिला देवरावाची आठवण येऊन ती ओरडून ओरडून रडते. तोरबा वल्हवणं थांबवतो. विसर म्हणत नाही, उगी म्हणत नाही. होडी वाहत जाते तशी जाऊ देतो. डिंपलने हे वाचलं तेव्हा माझा राग गेला. सगळ्या पोरी म्हणे या तोरबावरच भाळल्या आहेत. असू दे, त्यांना तेवढी अक्कल आहे.

मोहगावच्या त्या गौतमला मी पाहिलेलं आहे. तुला वाटत असेल मला आठवत नाही. तुमच्या शाळेचे सगळे मास्तर तेरवीला आले होते, जेवले, हात धुऊन गेले. हा एकटा मागे थांबून अंगणातल्या सतरंज्या झटकून घड्या करत होता. आणि वर्षश्राद्धाच्या दिवशी तुझे तास त्याने घेतले, तू न सांगता, हे तूच मला बोलून गेलीस आणि मग वेळ झाली नसतानाही स्वयंपाकाला उठलीस. आता त्याला बालाघाटकडे सरकारी शाळा मिळाली आहे, तुला तिकडे जावं लागेल. लांब आहे. तू गेलीस की मला फार एकटं वाटणार आहे, त्याला काही इलाज नाही. पण ते माझं मी पाहीन. तुझ्या आईला भीती आहे की लोक याला पाट म्हणतील. आमच्या लहानपणी विधवेचा पाट लावत तो अंधारात, सवाष्णींना दूर ठेवून. तुझं तसं काही व्हायचं नाही. भर दिवसा, मांडवात, माणसांच्या देखत लग्न लागेल, आणि तुझ्या साडीला फॉल मी लावीन. दुसऱ्या कोणाकडे साडी टाकलीस तर पाहा.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. अभिजीत गेला त्या संध्याकाळी मला कोणी सांगितलं नाही. बोरगावहून कामावरून येताना रस्त्यात बिनदिव्याची ट्रॉली उभी होती, हे मला नंतर कळलं. तेव्हा सगळे म्हणाले, जरासं लागलं, पायाला लागलं, नागपूरला नेलं आहे. आपल्याकडे रीतच आहे ती, आईला शेवटपर्यंत सांगायचं नाही. जयवंताबाईने मला चहा पाजला. तू माझ्या शेजारी बसून मला दोन घास भात भरवलास, आणि तेव्हा तुला सगळं ठाऊक होतं. मी जामसावळीच्या मारुतीला त्याच्या पायासाठी नवस बोलत होते, गल्लीत गाडी येईपर्यंत. तुम्ही सगळ्यांनी मायेनेच केलं, माझा कोणावर राग नाही. पण त्या दिवसापासून माझा मुलगा गेला असं मला कोणी तोंडाने सांगितलेलंच नाही, आणि मीही कोणाला विचारलं नाही. दुसरा भाग तू सोबत नेला आहेस. रविवारी मोहगावचे लोक आले की त्यांना हो सांग आणि सोमवारी एकदा इकडे ये. बाबांनाही बसवू, त्यांच्या हातात पेपर देणार नाही मी. ते दाराचं पान काढ, आणि जसं लिहिलं आहे तसं वाच. मला ते डिंपलकडून नको, तुझ्याकडून ऐकायचं आहे, कारण तू त्याची होतीस. ऐकून मी काय करीन ते मला आज सांगता येत नाही. कदाचित ओरडेन, कदाचित तुला थांब म्हणेन. तू थांबू नकोस. तो जातो तिथपर्यंत वाच.

तुझीच,
आई